नगारखान्यापासून संगणकांच्या जाळ्यापर्यंत : एका वाद्यवृंदाचा उलटा प्रवास

धाराशिव जिल्ह्यातलं कुठलंही लग्न घ्या. वरात निघते तेव्हा पुढे एक गाडी असते, गाडीवर कीबोर्ड, शेजारी ऑक्टापॅड आणि मागे भिंतीएवढे स्पीकर. कीबोर्डवाला एक कळ दाबतो आणि सनई वाजते. दुसरी कळ दाबतो आणि पन्नास व्हायोलिनं एकदम वाजतात. सनईवाला नाही, व्हायोलिनवाले तर नाहीतच. आवाज मात्र आहेत.

हे आवाज येतात कुठून? ‘कॉम्प्युटरमधून’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर इतिहासात आहे. त्या इतिहासात नळदुर्गचा किल्ला आहे, अकबराचा नगारखाना आहे, तुर्की फौजेचा बँड आहे, व्हिएन्ना आहे आणि मुंबईचे स्टुडिओही आहेत. माणसांनी भरलेला वाद्यवृंद आधी एकमेकांना तारांनी जोडलेल्या चार-पाच संगणकांत आणि मग एकाच यंत्रात कसा गेला, याची ही हकीकत आहे. त्यात आपल्या माणसांच्या रोजीरोटीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

नौबतीचा हिशेब

नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल पाहायला लांबून लोक येतात. हा महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, इ.स. १६१३ चा. बांधणारे स्थपती मीर इमादीन. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि महालात बसलेल्या माणसाला पाण्याचा थेंब लागत नाही. ज्या बादशाहाच्या राज्यात हे झालं तो स्वतः गायक आणि रचनाकार होता. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दखनी भाषेतल्या गीतांचा ग्रंथ, त्यात ५९ गीतं आहेत. सरस्वतीची स्तुती करणाऱ्या या मुसलमान बादशाहाला लोक ‘जगद्गुरू’ म्हणत. आपल्या लाडक्या तंबोऱ्याला त्यानं ‘मोतीखान’ असं नाव दिलं होतं. वाद्याला माणसासारखं नाव आणि वर ‘खान’ हा किताब! वाद्याकडे बघण्याची ही दख्खनी नजर पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवू.

दरबारातलं गाणं मोजक्या कानांसाठी असे. सर्वसामान्य रयतेच्या कानावर पडे ती नौबत. किल्ला, दर्गा, देऊळ यांच्या दरवाजावर ठरलेल्या प्रहरी ती झडे. अबुल फज्लनं ‘आईन-ए-अकबरी’त शाही नगारखान्याची चक्क यादी दिली आहे. दमामे सुमारे १८ जोड्या, नगारे सुमारे २० जोड्या, ढोल ४, कर्णे चारपेक्षा कमी नाहीत, सुरनई ९, शिवाय नफीर, शिंग आणि झांजांच्या ३ जोड्या. कुठलं वाद्य किती नगांनी वाजवायचं हे इथं ठरलेलं आहे. आज युरोपीय सिम्फनीत पहिली व्हायोलिनं किती आणि शिंगं किती हे ठरलेलं असतं, तसंच हे. म्हणजे अनेक हातांनी मिळून एक नाद उभा करण्याचं शास्त्र इथं परकं नव्हतं.

आपल्याकडचे शब्द पाहा. नगारा हा अरबी ‘नक्कारा’. सनईचं नातं फारसी सुरनईशी आणि शहनाईशी. ताशा मोहरमच्या मिरवणुकीतून गणपतीच्या मिरवणुकीत गेला आणि तिथं इतका रुळला की आता तो कुणाचा हे विचारावंसंही वाटत नाही. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ज्या संबळावर उभा राहतो, ती चामड्यानं मढवलेली जोडीही नगाऱ्याच्याच कुळातली. दर्ग्याच्या दारात आणि देवीच्या दारात एकाच घराण्यातली वाद्यं वाजत आली आहेत.

नगारा व्हिएन्नाला जातो

हीच वाद्यं पश्चिमेकडेही निघाली. क्रुसेडच्या काळात युरोपीयांनी नक्कारा पाहिला आणि आपल्या भाषांत नेला. फ्रेंचमध्ये तो ‘नाकेर’ झाला, इंग्रजीत ‘नेकर’. सुरनईच्या भावंडांतून युरोपचा शॉम आला आणि शॉममधून सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ओबो घडला. पुढे उस्मानी फौजेचा ‘मेहतर’ बँड युरोपच्या दारात वाजू लागला. युरोपला त्याची आधी धास्ती वाटली आणि नंतर भुरळ पडली. अठराव्या शतकात तिथल्या राजांनी आपापल्या पलटणीत तुर्की पद्धतीचे ढोल, झांजा आणि त्रिकोण ठेवले. १७८२ साली व्हिएन्नात मोझार्टनं आपल्या ऑपेरात हा तुर्की बाज आणला. १८२४ साली त्याच शहरात बेथोवनची नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तिच्या शेवटच्या भागातही मोठा ढोल, झांज आणि त्रिकोण यांची तीच तुर्की तिकडी आहे.

आपण ज्याला ‘वेस्टर्न ऑर्केस्ट्रा’ म्हणतो त्यात आपल्या जगाचा एवढा वाटा आहे. हे सांगण्यात बढाई नाही. वाद्य कुणाच्या बापाचं नसतं, ते वाजवणाऱ्याचं असतं, एवढंच यातून घ्यायचं.

माणसाशिवाय वाद्य वाजवण्याचा ध्यासही जुना आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचं यंत्र लिहून ठेवलं. इ.स. १२०६ मध्ये अल-जझरीनं आपल्या यंत्रांच्या ग्रंथात वादकांच्या बाहुल्यांची नौका वर्णन केली. राजाच्या मेजवानीत तळ्यावर ती तरंगायची, पाण्याच्या जोरावर खुंट्यांचा दांडा फिरायचा आणि बाहुल्या वाजवायच्या. खुंट्या हलवल्या तर ठेकाही बदलता येतो, हे अलीकडच्या अभ्यासकांनी प्रतिकृती करून दाखवलं आहे. आजचं संगीताचं सॉफ्टवेअर हेच करतं. खुंटीच्या जागी आकडा आला, एवढाच फरक.

मुंबईचे शंभर वादक

ब्रिटिश पलटणींबरोबर पितळी बँड हिंदुस्थानात आला आणि लग्नाच्या वरातीत शिरला. क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठा ढोल. देशातल्या कितीतरी गावांत या बँडचे मालक आणि मास्तर मुसलमान होते. बोलपट आले तेव्हा मुंबईत वाद्यवृंद उभा राहिला तो दोन-तीन परंपरांच्या संगमातून. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक, पारशी वादक आणि घराण्यांतून आलेले सतार, सारंगी, तबल्याचे उस्ताद. अब्दुल हलीम जाफर खाँ, रईस खाँ यांची सतार आपण त्यांचं नाव न वाचता कितीदा ऐकली आहे! नौशाद यांनी ‘आन’साठी (१९५२) शंभर वादकांचा ताफा वापरल्याचं सांगितलं जातं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे संयोजक सुरावटी कागदावर उतरवत. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत हिंदी रागांवर सिम्फनी उभी केली. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या एका गाण्यात गुरूचं नाव अजरामर केलं. लोकांना मात्र ते अमिताभच्या पात्राचं नाव वाटलं.

हे सगळे वादक एका खोलीत, एकाच वेळी वाजवत. एक चुकला की सगळ्यांचं पुन्हा. नंतर अनेक मार्गिकांचं ध्वनिमुद्रण आलं आणि वादक एकेकटे येऊन आपापला तुकडा वाजवून जाऊ लागले. मोठ्या खोलीची गरज कमी झाली. मग सिंथेसायझर आला. १९८३ मध्ये मिडी नावाची भाषा ठरली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९९२ च्या ‘रोजा’नंतर ए. आर. रहमान यांनी घरच्या स्टुडिओत संगणकावर थर रचून जे केलं, ते ऐकून मुंबईनं आपली पद्धत बदलली. गंमत म्हणजे त्याच रहमान यांनी २००८ साली चेन्नईत संगीताची शाळा काढली आणि तिथं मुलांना खरीखुरी व्हायोलिनं वाजवायला शिकवली जाऊ लागली.

एका संगणकात मावेना

आता मुद्द्याचं. सॅम्पल म्हणजे खऱ्या वादकानं वाजवलेल्या एका स्वराचं ध्वनिमुद्रण. कळ दाबली की ते वाजतं. सोपं वाटतं, पण हिशेब करून पाहू.

सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १७६ किलोबाइट जागा खातो. १९८८ साली आलेल्या अकाईच्या नावाजलेल्या सॅम्पलरची स्मृती वाढवून वाढवून ३२ मेगाबाइट व्हायची. म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचा आवाज. आता व्हायोलिनचे ४२ स्वर धरा. प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात, खूप जोरात असा चार तऱ्हांनी आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद. झाली १४ मिनिटं, म्हणजे सुमारे १४८ मेगाबाइट. ही फक्त लांब स्वरांची. तुटक स्वर वेगळे, तार छेडून काढलेले वेगळे, थरथरते वेगळे. आणि हे झालं एकच वाद्य.

१९९८ च्या सुमारास गिगासॅम्पलर नावाच्या सॉफ्टवेअरनं युक्ती काढली. किराणा दुकानदार पुढे चार डबे ठेवतो आणि पोती मागे गोदामात ठेवतो, तसं प्रत्येक आवाजाचं फक्त सुरुवातीचं टोक स्मृतीत ठेवायचं आणि ते वाजेपर्यंत उरलेला आवाज हार्ड डिस्कवरून आणायचा. जागेचा प्रश्न सुटला, पण भूक वाढली. त्याच सुमारास व्हिएन्नात हर्ब टुकमांडल या चेलोवादकानं ‘व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररी’ सुरू केली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधे जो सांधा लागतो, तोही त्यांनी मुद्रित केला. ४२ स्वरांपैकी प्रत्येकावरून वरचे बारा आणि खालचे बारा स्वर गाठायचे म्हटलं, तर एका वाद्यासाठी हजाराच्या घरात नुसते सांधे. तेव्हाच्या ३२-बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारण दोन गिगाबाइटपलीकडे स्मृती मिळत नसे.

मग संगीतकारांनी काय केलं? नगारखान्यात करत तेच. काम वाटून दिलं. एक संगणक तंतुवाद्यांना, एक लाकडी फुंकवाद्यांना, एक पितळी वाद्यांना, एक तालवाद्यांना. मधोमध एक मुख्य संगणक, त्यात सगळी सुरावट. मुख्य संगणक बाकीच्यांना फक्त हुकूम पाठवतो : ही कळ, इतक्या जोरानं. असा एक हुकूम तीन बाइटचा. आवाज तयार होतो तो पलीकडच्या संगणकात आणि तिथून परत येतो. सुरुवातीला हुकुमांसाठी मिडीच्या वायरी आणि आवाजासाठी वेगळ्या महागड्या ऑप्टिकल वायरी लागत. एका मिडी वायरीत १६च मार्गिका, म्हणून वायरींचं जंजाळ. नंतर ‘मिडी ओव्हर लॅन’, ‘एफएक्स टेलिपोर्ट’ आणि पुढे ‘व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो’ अशी सॉफ्टवेअरं आली आणि हुकूम व आवाज दोन्ही ऑफिसात असते त्या साध्या नेटवर्कच्या तारेतून जाऊ लागले. गिगाबिटच्या एका तारेत स्टिरिओ आवाजाच्या शंभरावर मार्गिका आरामात मावतात.

अडचण उरली उशिराची. आवाज छोट्या घासांत येतो. २५६ नमुन्यांचा घास धरला तर जवळपास सहा मिलिसेकंद लागतात. घास लहान केला तर संगणकाला दम लागतो आणि आवाज तुटतो, मोठा केला तर कळ दाबल्यावर स्वर मागाहून येतो. पण हा प्रश्न संगणकाचा एकट्याचा नाही. हवेतून आवाज सहा मिलिसेकंदांत दोनच मीटर जातो. नगारखान्याच्या सज्ज्यापासून वीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला टिपरीचा घाव ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एकत्र वाजवणाऱ्यांनी हे अंतर कायम कानानं सांभाळलं आहे. संगणकांना ते आकडे मोजून सांभाळावं लागतं, एवढंच.

या धंद्यात मुख्य संगणकाला ‘मास्टर’ आणि बाकीच्यांना ‘स्लेव्ह’ म्हणत. आता हळूहळू ‘सर्व्हर’ म्हणू लागले आहेत, ते बरंच झालं. दख्खनच्या माणसाला तर हा शब्द खटकायलाच हवा. याच जिल्ह्यातल्या परंड्याला १६०० साली मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवलं आणि काही काळ परंडा निजामशाहीची राजधानी झाली. अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. ज्याला ‘गुलाम’ म्हटलं त्याच्याच हातात राज्याचा ठेका होता. संगणकांच्या जाळ्यातही नाद निर्माण करणारं यंत्र तेच असतं, मुख्य यंत्र फक्त हुकूम सोडतं.

आज ६४-बिट प्रणाली, भरपूर स्मृती आणि वेगवान एसएसडी आल्यानं बऱ्याच जणांचं काम एका यंत्रावर भागतं. तरी मोठी पार्श्वसंगीतं करणारे अजूनही दोन-तीन यंत्रं जोडतात. एक फायदा असा की गाणं बदललं तरी पलीकडच्या यंत्रात वाद्यं चढवलेली तशीच राहतात. लहान गावातल्या हौशी पोरासाठी यात एक सोय आहे. ऑफिसांतून निघालेला जुना पण बऱ्या स्मृतीचा संगणक, एक गिगाबिट स्विच आणि एक तार एवढ्यावर त्याची दुसरी फळी उभी राहते. वायफायच्या भानगडीत मात्र पडू नये. आवाज तुटतो. आणि वीज कधी जाईल याचा नेम नसेल, तर यूपीएस आधी घ्यावा, व्हायोलिनं नंतर.

जे मावलं नाही

शेजारच्या करमाळ्याच्या मातीतला ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतातला सिम्फनीचा भाग हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत खऱ्या वादकांकडून वाजवून घेतला. असं करणारा तो पहिला भारतीय चित्रपट, असं तेव्हा सांगण्यात आलं. संगणकात व्हायोलिनं असताना एवढा खर्च कशासाठी? कारण पन्नास माणसं एकत्र श्वास घेतात तेव्हा जे होतं, ते पन्नास सॅम्पल एकत्र वाजवून होत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे ते अजूनही माणसं घेतात. यंत्र येतं ते ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या वरातीत, आणि काम जातं ज्याच्याकडे पैसा नाही त्याच वाजंत्र्याचं.

शिवाय या संचांची घडण मुळात युरोपीय वाद्यांसाठी आहे. बारा पट्ट्यांच्या चौकटीत सनईची मींड बसत नाही, कारण मींड म्हणजे दोन ठरलेल्या स्वरांमधला सांधा नव्हे. ती वाटेत कुठं रेंगाळेल हे वादक त्या क्षणी ठरवतो. गोंधळातला संबळ लय चढवत नेतो. किती चढवायची हे समोर बसलेल्या लोकांच्या अंगावरून ठरतं. मेट्रोनोमच्या टिकटिकीवरून ते ठरत नाही. कीबोर्डमधली सनई वरातीत चालून जाते, कारण गोंगाटात कुणी कान देऊन ऐकत नाही. पहाटेच्या शांततेत तीच कळ दाबून पाहा.

एक प्रश्न हक्काचाही आहे. सॅम्पल म्हणजे कुणाच्या तरी हयातभराच्या रियाजाचा साठवलेला तुकडा. काही कंपन्या वादकांना विक्रीतला हिस्सा देतात, बाकी ठिकाणी एकदा पैसे मिळाले की विषय संपला. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीनं बोलले होते. पण स्टुडिओत मागच्या रांगेत बसणाऱ्या वादकाच्या पदरात यातलं फारसं काही पडलं नाही, आणि ताशेवाल्याचं तर नावही कुणी लिहून ठेवलं नाही.

तंत्राला शिव्या देऊन काही साधणार नाही. अल-जझरीच्या वारसांनी यंत्राला घाबरणं शोभणारंही नाही. उलट हेच तंत्र आपल्या हाती घेता येईल. या जिल्ह्यात संबळ, सनई, हलगी, ताशा वाजवणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यांचे स्वर, त्यांच्या टिपऱ्या, त्यांच्या मींडी नीट मुद्रित कराव्यात. वाजवणाऱ्याचं नाव, गाव, उस्तादाचं नाव प्रत्येक फाइलला जोडावं आणि ती कुणी विकत घेतली तर त्याचा वाटा त्याच्या घरी पोचेल असा लेखी करार करावा. कॉलेजातली दोन-चार पोरं, एक चांगला मायक्रोफोन आणि एक शांत खोली एवढ्यावर सुरुवात होते. तुळजापूरचा गोंधळी आणि धाराशिवचा ताशेवाला एका खोलीत आधी बसवा, दोघांना चहा पाजा आणि पहिलं वाक्य तेच बोलायला लावा : आपलं नाव.